दीड टाळीचं गोदाम

मंडळी, आधीच सांगून ठेवतो... ह्या सदरातले अनुभव मी चहा पिताना वाचतो आणि खुशाल हसतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी नेमकी स्मशानापाशीच बंद पडते. मी म्हणणार, बॅटरी बघ बाबा आधी! आवाजाचं काम करणाऱ्या माणसाचा विश्वास वायरीवर असतो. पण जे माझ्याच स्पीकरमधून, भर दुपारी, घरातल्या तिघांनी ऐकलं त्याचं काय करू? म्हणून लिहून राहिलो. हसायचं तर हसा.

मी लातूरचा. घरातल्याच एका खोलीत माझा स्टुडिओ आहे. कॉम्प्युटर, दोन स्पीकर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्या. सुनंदा, म्हणजे आमची सौ., त्याला गादीकारखाना म्हणते. व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो यांचे एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेल्या सॅम्पल लायब्ररी विकत मिळतात. ते सूर जोडून मी एकटा कीबोर्डवर अख्खा ऑर्केस्ट्रा उभा करतो. नांदेडचे दिग्दर्शक मुजीबभाई यांनी पहिला सिनेमा काढला, अर्धापूरच्या केळीच्या ट्रकवाल्याची गोष्ट. त्याचं पार्श्वसंगीत त्यांनी माझ्याकडं दिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम.

पहिला तुकडा ऐकून मुजीबभाईंचा फोन आला. म्हणाले, "भाई, धून लई सुंदर हाय. पण तुझे व्हायोलिनवाले डब्यात बसून वाजवून राहिले. त्यांना जरा हवा दे." निर्माते तर पुण्याचा माणूस घ्यायला टपलेलेच होते. रविवारी नांदेडला सगळे मिळून ऐकणार आणि तेव्हाही डबाच वाटला, तर काम पुण्याला जाणार. सरळ हिशेब.

हवा द्यायची म्हणजे रिव्हर्ब लावायचा... आपला घुमारा हो! देवळात बोललं की आवाज मागं रेंगाळतो, तोच. कॉम्प्युटरवर त्याचे दोन प्रकार. एकात खरोखरच्या हॉलचा घुमारा रेकॉर्ड केलेला असतो. तो लावला की माझा कॉम्प्युटर मान टाकायचा. दुसरा अल्गोरिदमिक. त्यात हॉल नाही, भिंत नाही, जागाच नाही — निव्वळ गणित. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. मी असल्या तीन प्लगइनचे, म्हणजे कॉम्प्युटरात जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे, डेमो उतरवून घेतले.

आमचे अप्पा, म्हणजे वडील, शेजारच्या खोलीत दिवाणावर शेंगा फोडत बसलेले. एकेकाळी त्यांचा स्वतःचा बँड होता, ते ट्रम्पेट वाजवायचे. माझ्या ऑर्केस्ट्र्याला त्यांनी कधी किंमत दिली नाही. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसंच नाहीत तर वाजणार काय, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकून सोडून द्यायचो, पण लागायचं.

तर, रिव्हर्ब पारखायचा म्हणजे त्यातून एक कोरडी, बिनघुमाऱ्याची टाळी सोडायची आणि तिच्यामागं रेंगाळणारं शेपूट ऐकायचं. पहिल्या प्लगइनमध्ये टाळी बाथरूममध्ये वाजल्यासारखी आली. दुसऱ्यात छान, गुळगुळीत, पण कुठल्याच जागेची नाही. तिसरा लावला, टाळी सोडली...

टाळी गेली. परत आली. आणि तिच्या मागोमाग अजून एक आली, अर्धीच, कडेनं निसटल्यासारखी.

मी सेटिंग बघितली. कुठं काही डबल नव्हतं. प्लगइन काढून पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तीच दीड टाळी. सुनंदा पोळ्या सोडून दारात आली, म्हणाली, "कोण आलंय हो?" आणि आतून शेंगा फोडायचा आवाज थांबला.

अप्पा भिंत धरत आले. म्हणाले, "दालमिलचं गोदाम हाय हे. शटर अर्धं वर ठेवलंस व्हय रे?"

मी विचारलं, कुठलं गोदाम? सीझन संपला की दालमिलचं गोदाम रिकामं व्हायचं, तेव्हा अप्पांचा बँड तिथं सराव करायचा. शटर बंद असलं की एका टाळीच्या दोन परत यायच्या. उन्हाळ्यात जीव जातो म्हणून शटर अर्धं वर केलं, की एक यायची आणि अर्धी बाहेर पळायची. बँडवाले त्या गोदामाला दीडटाळ्या म्हणायचे. मी तिथं कधी गेलोच नव्हतो, हे सगळं अप्पांनी त्या दुपारी सांगितलं. गोदाम पाडून तिथं अपार्टमेंट झाल्यालाही जमाना झाला.

मी पूर्ण ऑर्केस्ट्रा त्यातून सोडला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. व्हायोलिनवाले डब्यातून बाहेर आले, उभे राहिले, श्वास घेऊन वाजवू लागले. ट्रम्पेटची जागा आली तेव्हा अप्पा डोळे मिटून बोटं हलवत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "आता हायत माणसं." मी रडलो, लपवत नाही.

रविवारी नांदेडला शेवटचा प्रसंग लागला. पहाटे ट्रक गोदावरीच्या पुलावर थांबतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा उसळतो. दिवे लागले. निर्मात्यांनीच विचारलं, एवढी माणसं कुठं बसवून रेकॉर्ड केली? माझ्या तोंडून निघून गेलं, "लातूरला. दालमिलच्या गोदामात." मुजीबभाईंनी मला अशी मिठी मारली की चष्मा वाकला. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. निघताना मी मुजीबभाईंना दीडटाळ्याची सगळी गोष्ट सांगितली.

नंतर तोच प्लगइन विकत घेऊन दुसऱ्या कामांना लावला. एकच टाळी, गुळगुळीत. मित्राच्या कॉम्प्युटरवर सिनेमाचीच फाइल उघडली, तिथंही एकच. कंपनीला लिहिलं, तर आमच्यात असं काही होतच नाही म्हणाले. दीड टाळी आहे ती फक्त सिनेमात गेलेल्या संगीतात. गणितात ते गोदाम शिरलं कुठून, मला आजही माहीत नाही. आणि आता मी शोधतही नाही.

सिनेमा लागला तेव्हा अप्पांना घेऊन गेलो. शेवटी पडद्यावर नावं सरकायला लागली, त्यात मुजीबभाईंनी घातलेली ओळ आली: 'वाद्यवृंद – दीडटाळ्या गोदाम, लातूर.' अप्पांनी जोरात एक टाळी वाजवली आणि सवयीनं मान तिरकी करून थांबले. लोकांना वाटलं, टाळ्या सुरू झाल्या. पुढची रांग वाजवायला लागली, मग मागची, मग सगळं थेटर.

त्या गदारोळात अप्पांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "दीड आली का रे?"

म्हटलं, "दीड कुठली अप्पा, थेटरभर आली."