दिघी ते चाकण आणि परत

एकोणसत्तरच्या जानेवारीत माझी पोस्टिंग दिघीला झाली. मी फौजेत नाईक होतो, वय चोवीस, गाव जुन्नरकडचं. युनिटमध्ये रिपोर्ट केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुभेदार जगदाळे साहेबांनी मला थांबवलं.

"पळतोस?"

"पळतो, साहेब."

"किती?"

"सांगाल तितकं."

ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बारा मैल पळवलं, परत आल्यावर घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "टीममध्ये ये."

आता मी रिटायर होऊन पिंपरीच्या एका कंपनीत सिक्युरिटीला आहे. शिफ्टवरचे काही जण हल्ली सकाळी संत तुकाराम नगरच्या रस्त्यावर पळतात आणि गेटवर मला विचारतात, हवालदारसाहेब, लांब पळायचं तर खायचं काय, प्यायचं काय? त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येतं. पण ती दोन वाक्यं मी कशी शिकलो, ते सांगायला थोडा वेळ लागतो.

युनिटच्या टीममध्ये आम्ही सहा जण होतो. पहाटे साडेचारला उठायचं. पावणेपाचला चहा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. पाचला फॉल इन, म्हणजे रांगेत हजर. आठवड्यातून चार दिवस दहा मैल, एक दिवस वीस मैल, एक दिवस नुसते चढ. रविवारी कपडे धुणं आणि पायांची तपासणी. पायांची तपासणी साहेब स्वतः करत. अंगठ्याचं नख काळं झालेलं नसेल तर विचारत, "आठवडाभर काय केलंस?"

कॅनव्हासचे बूट एक नंबर मोठे घ्यायचे, हे तिथे कळलं. वीस मैलांनंतर पाय सुजून मोठा होतो. छातीवर बनियन घासून रक्त येतं, म्हणून तिथे चिकटपट्टी लावायची. आदल्या रात्री पोटभर भात किंवा भाकरी खायची, सकाळी हलकं, आणि शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालायचं नाही. एकाने एकदा वीस मैलांच्या आधी भजी खाल्ली होती. त्याला भोसरीच्या पुढे तीन वेळा ज्वारीच्या शेतात जावं लागलं. त्यानंतर वर्षभर त्याला सगळे भजीवाला म्हणत.

टीमचा सगळ्यात चांगला पळणारा होता सिपाही विठ्ठल खाडे, बीड जिल्ह्यातला. सडपातळ, उंच, चालताना थोडा वाकलेला. पळायला लागला की सरळ व्हायचा. एम.आय. रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पहिल्यांदा त्याची नाडी बघितली तेव्हा नर्सिंग असिस्टंटने स्वतःचं घड्याळ कानाला लावलं. त्याला वाटलं घड्याळ बंद पडलं. मग त्याने खाडेला आडवं केलं आणि एम.ओ.ना बोलावलं. एम.ओ. म्हणजे मेडिकल ऑफिसर, कॅप्टन नायर. त्यांनी नाडी मोजली, चव्वेचाळीस. खाडे घाबरला होता.

"साहेब, म्या मरतोय का?"

नायर साहेब म्हणाले, "नाही. तुझं हृदय मोठं झालंय. एका ठोक्यात दोघांचं काम करतं. जा, पळ."

नायर साहेबांना आमच्यात फार रस होता. ते आम्हाला पळण्याआधी आणि नंतर वजनाला उभं करत. एकदा उंचीही मोजली. वीस मैलांनंतर आम्ही सहाही जण थोडे थोडे बुटके भरलो. सुभेदार साहेबांना वाटलं पट्टी धरणारा क्लार्क झोपेत मोजतोय. त्यांनी स्वतः पट्टी धरली. उत्तर तेच. नायर साहेबांनी समजावलं की पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात, रात्री झोपलं की परत फुगतात. खाडेने त्या रात्री दोन वेळा उठून भिंतीला टेकून बघितलं की उंची परत आली का.

एका गोष्टीवर मात्र सुभेदार साहेब आणि नायर साहेब यांचं जमत नव्हतं. ती गोष्ट म्हणजे पाणी. सुभेदार साहेबांचा नियम साधा होता. पळताना पाणी प्यायचं नाही. चूळ भरा, थुंका, पुढे चला. पाणी पोटात गेलं की पाय जड होतात, असं ते म्हणत. त्यांच्या उस्तादांनी त्यांना हेच शिकवलं होतं, आणि ते स्वतः तसेच पळून नावारूपाला आले होते. नायर साहेब म्हणत, घामातून चार पौंड वजन जातंय, ते परत घालायला हवं. पण टीम सुभेदार साहेबांची होती.

एप्रिलच्या शेवटी सिलेक्शन ट्रायल ठरली. दिघीहून भोसरी, मोशी करत चाकण आणि परत. थोडं मैदानात वळवून बरोबर सव्वीस मैल. पहिले दोघे कमांडच्या, म्हणजे कितीतरी युनिटांच्या मिळून होणाऱ्या, शर्यतीला जाणार. मला जायचं होतं. माझ्या गावातून फौजेत पुष्कळ गेले होते, पण कमांडला पळायला कुणी गेलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी खाडे बॅरकमध्ये पांघरूण घेऊन पडला होता. मी कपाळाला हात लावला. गरम होतं.

"एम.आय. रूमला चल."

"नाई. नाव काटतील. सांगू नकूस कुणाला."

मी सांगितलं नाही. मित्र होता म्हणून सांगितलं नाही, हे खरं आहे. पण उद्या हा थोडा मागे राहील, असंही माझ्या मनात आलं होतं, तेही खरं आहे. इतक्या वर्षांनी लपवण्यासारखं त्यात काही नाही.

ट्रायल सकाळी साडेपाचला सुटणार होती. वायरलेस सेट मोशीला आणि चाकणला पोहोचवणारा ट्रक सुरूच झाला नाही. तो दुरुस्त होऊन सेट जागेवर जाईपर्यंत आठ वाजले. आठ वाजता सुभेदार साहेबांनी शिट्टी मारली आणि जीपमधून मोशीच्या दिशेने निघाले.

चाकणला वळसा घातला तेव्हा ऊन चढलं होतं. खाडे माझ्या तीनशे यार्ड पुढे. माझ्या मागे सिपाही नामदेव कदम, लाजाळू मुलगा, कोकणातला, दिवसभरात दहा शब्द बोलणारा. चाकणच्या वायरलेस ठाण्यावर मी चूळ भरली. खाडेने तीही भरली नाही.

सव्वादहाच्या सुमारास, मोशी दोन-अडीच मैलांवर असताना, मला खाडे रस्त्याच्या डाव्या बाजूला दिसला. मग उजव्या. मग तो रस्ता सोडून कांद्याच्या शेतात उतरला.

मी ओरडलो. त्याने ऐकलं नाही. मी शेतात उतरलो. मागून कदम रस्त्यावरून पुढे गेला. त्याला वाटलं आम्ही लघवीला थांबलोय. मी खाडेचा दंड धरला आणि हात मागे घेतला. अंग चटका बसेल इतकं तापलं होतं.

"खाडे, काय होतंय?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "परळीची गाडी गेली का हो?"

मला ओळखलं नव्हतं. मग गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

शेतात बाया कांदा काढत होत्या. त्यातली एक, चाळिशीची, डोक्याचा पदर सावरत पळत आली. तिचं नाव तान्हूबाई. शेत तिचंच होतं. तिने त्याच्या मानेला हात लावला आणि मागे वळून नवऱ्याला हाक मारली.

"आवो, इंजिन चालू करा. ह्याला हौदात घालायचा."

मी, तान्हूबाई आणि आणखी दोघी बायांनी त्याला उचलला. विहिरीजवळ सिमेंटचा हौद होता, इंजिनाचं पाणी धो धो पडत होतं. मी बुटांसकट आत उतरलो आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर धरलं. तान्हूबाई तांब्याने डोक्यावर पाणी ओतत राहिली; तो बरळत तिलाही परळीची गाडी विचारत होता. तिचे मालक रामभाऊ सायकलवर टांग टाकून मोशीकडे गेले. मी त्यांना म्हणालो होतो, "जीपमध्ये मोठ्या मिशांचे साहेब असतील, त्यांनाच सांगा."

वीस मिनिटांत जीप बांधापर्यंत आली. सुभेदार साहेब धावत आले.

"बाहेर काढ त्याला. गार पाण्यात निमोनिया होईल. नाईक, बाहेर काढ."

मी जागचा हललो नाही. सर्व्हिसमध्ये हुकूम ऐकून न हलण्याची माझी ती पहिली वेळ. तान्हूबाई हौद आणि साहेब यांच्यामध्ये उभी राहिली.

"न्हाई काढायचा. अंग तव्यावानी हाय त्याचं."

"बाई, हा फौजेचा मामला आहे."

"हौद माझा हाय."

तेवढ्यात जीपवरच्या ऑपरेटरला दिघी लागली. प्रसंग कळताच सेटवर नायर साहेबांचा आवाज आला; वन म्हणजे दिघी, टू म्हणजे आमची जीप.

"वन फॉर टू. आदमी कहाँ है? ओव्हर."

"टू फॉर वन. पानी की टंकी में है. ओव्हर."

"वन फॉर टू. वहीं रखो. निकालना मत. सिर ऊपर रखो. मैं आ रहा हूँ. आउट."

सुभेदार साहेबांनी ते ऐकलं. मग त्यांनी बूट काढले, हौदात उतरले आणि खाडेचे पाय धरून चोळायला लागले.

नायर साहेब ॲम्ब्युलन्स घेऊन आले तोवर खाडे थरथरायला लागला होता. नजर स्थिरावली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, जिथे सुभेदार साहेब मिशा ओल्या करून बसले होते.

"साहेब, पहिला कोन आला?"

शेतातल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. नायर साहेबांनी खाडेला माझ्याकडून काढून घेतलं.

मग मी त्यांना तापाचं सांगितलं. सुभेदार साहेबांच्या समोरच सांगितलं. नायर साहेब म्हणाले, "ताप असताना लांब पळणं म्हणजे पेटत्या चुलीत लाकूड सारणं. हे कालच कळायला हवं होतं." एवढंच म्हणाले. तेवढं पुरलं.

खाडेला हॉस्पिटलला नेलं. आम्हाला तान्हूबाईने जाऊ दिलं नाही. मीठ घातलेलं ताक दिलं, गूळ दिला, भाकरी आणि शेतातला कांदा बुक्कीने फोडून दिला. सुभेदार साहेब बांधावर बसून खात होते. तान्हूबाईने विचारलं, "पळताना ही पोरं पानी पीत न्हाईत?"

"नाही. पाय जड होतात."

"आमी नांगराच्या बैलाला दोनदा पाजतो. घोट घोट. एकदम पाजलं तर फुगतो, न्हाई पाजलं तर बसतो. मानसाचं येगळं असतं व्हय?"

साहेबांनी रिकामा पेला पुढे केला. मग म्हणाले, "आणखी ताक आहे का?"

दुसऱ्या दिवशी फॉल इनला साहेबांनी सांगितलं, "आजपासून दर तीन मैलांना पाणी. घोट घोट. मीठ-गूळ घालून. आजाऱ्याने सांगायचं, शेजाऱ्याने लपवायचं नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मग म्हणाले, "माझी चूक होती." सुभेदाराने फॉल इनवर असं म्हणणं सोपं नसतं.

ट्रायल कदमने जिंकली होती. तो ऑफिसात जाऊन म्हणाला, "हे जिंकणं मी धरत नाय. परत पळू." त्याने सर्व्हिसमध्ये एका दमात बोललेलं मला माहीत असलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

सप्टेंबरमध्ये परत पळालो. खाडे पहिला, मी दुसरा, कदम तिसरा. कमांडिंग ऑफिसरनी तिघांनाही पाठवलं. त्या दिवशी तान्हूबाई आणि तिच्या बाया रस्त्याच्या कडेला कळश्या घेऊन उभ्या होत्या. खाडेने तिच्या हातून दोन घोट घेतले. ती म्हणाली, "आज परळीची गाडी मिळंल तुला." तो हसत हसत पळाला. कमांडला तो तिसरा आला. परत आल्यावर आम्ही सगळी टीम शेतावर जेवायला गेलो. सुभेदार साहेबांनी जाताना लंगरमधून, म्हणजे युनिटच्या स्वयंपाकघरातून, मोठं पातेलं भरून शिरा नेला. रामभाऊंनी बैलांची नावं सांगितली आणि खाडेने ती सगळी पाठ केली. त्यानंतरचे दोन हिवाळे माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले गेले. दर पंधरवड्याला आमचा वीस मैलांचा पल्ला त्या हौदाशी जाऊन टेकायचा.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये युनिट हललं. डिसेंबरमध्ये आम्ही पश्चिम सीमेवर होतो. गोळाबारीत टेलिफोनची लाइन तुटली आणि कंपनीचा सेट बंद पडला. कंपनी कमांडरनी रनर, म्हणजे पळत निरोप नेणारा, मागितला. खाडे उभा राहिला. दीड मैल उघडं मैदान होतं. तो तीन वेळा गेला आणि तीन वेळा आला. चौथ्या वेळी निरोप पोहोचवून परत येताना पडला, तो उठलाच नाही. त्याच्या जागी कदम गेला. तो पोहोचला, पण परत आला नाही.

फेब्रुवारीत मला सुट्टी मिळाली. गावी जाण्याआधी मी चाकणच्या एस.टी.ने निघालो आणि मोशीच्या पुढे उतरलो. तान्हूबाई कांद्याला पाणी देत होती. मला एकट्याला बघून तिने फावडं खाली ठेवलं.

मी सांगितलं. ती बांधावर बसली.

"आनी दुसरा कोन म्हनलास?"

"कदम."

"त्यो, न बोलनारा?"

"व्हय."

मग तिने विचारलं, "सकाळी जेवले हुते का दोघं?"

"जेवले होते. खाडेने दोन पुऱ्या जास्त मागून घेतल्या. कदमने त्याच्याच ताटातली एक उचलली."

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं आणि उठली.

"तू बस. भाकरी टाकते."

मी बसलो. तिने टाकलेल्या दोन्ही भाकरी मी खाल्ल्या.