पट टिकवण्याचे दिवस

जून लागला की आम्ही महापालिकेच्या शाळेतल्या बाया दारोदार मुलं गोळा करायला निघायचो. पट घसरला की तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की सगळ्यांत नवी शिक्षिका अतिरिक्त ठरून कुठेतरी लांब बदलीवर. त्या वर्षी नवी मीच होते. मुलांविषयीची कळकळ वगैरे खरी असली, तरी माझ्या चपला झिजत होत्या त्या नोकरीपायी.

मखमलाबादच्या बाजूला मळ्यातलं एक घर मला हक्काचं वाटायचं. तिथल्या बाईला काही वर्षांपूर्वी, ही नोकरी लागण्याआधी, साक्षरता वर्गात मीच अक्षरं शिकवली होती. शेतातलं काम उरकून ती यायची, हातांना कोथिंबिरीचा वास घेऊन, आणि अंगठ्याएवढी अक्षरं काढायची. तेव्हापासून रस्त्यात दिसेल तो बोर्ड मोठ्याने वाचायची तिला खोडच लागली. दवाखाना, पिठाची गिरणी, सलून. लोक हसायचे, तिला फिकीर नव्हती.

तिची धाकटी पहिलीत जायची होती. मी ओट्यावर टेकले तेव्हा कळलं की नवरा तिला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतोय, फॉर्मसुद्धा आणून ठेवलाय.

"बाई, आता तुमीच सांगा," ती म्हणाली. "लोकं म्हणत्यात, इंग्रजीबिगर काय खरं नाय."

मग काय, मी सुरू झाले. मातृभाषेतलं शिक्षण, पक्का पाया, फुकट पुस्तकं, आमच्या शाळेतून डॉक्टर झालेली मुलं. असा डॉक्टर मला एकच माहीत होता. ती मन लावून ऐकत होती. मग अगदी सहज तिने विचारलं, "तुमचा पोरगा बी तुमच्याच शाळेत असंल ना?"

"हो तर. दुसरीत आहे."

तिने तिथूनच नवऱ्याला हाक मारली. "ऐकलं का? बाईंचा बी तिथंच हे."

वाद मिटला. मुलीचं नाव मी तिथेच लिहून घेतलं. माझी तुकडी वाचली.

माझा मुलगा टाय लावून कॉलेज रोडच्या इंग्रजी शाळेत जात होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. आमच्यापैकी एकीचंही मूल आमच्या शाळेत नव्हतं आणि मधल्या सुट्टीत डबे खाताना आम्ही आपापल्या मुलांच्या इंग्रजी कवितांचं कौतुक करायचो. तेव्हा कुणाला घास लागला नाही.

श्रावणात एका शनिवारी ती आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसलेली दिसली. एरवी ती बाजारात बसायची, मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे; इथे ती कधी बसत नसे. मी जुड्या निवडत होते आणि शाळेची रिक्षा येऊन थांबली. तिने सवयीने मागचा बोर्ड वाचायला घेतला. "इं-ग्लि-श... मी-डि-य-म... स्कूल!" जोडाक्षरं जमली म्हणून तिने खुशीत माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी.

तेवढ्यात माझा मुलगा "मम्मी!" म्हणत उतरला आणि दप्तर माझ्या खांद्याला अडकवून मोकळा झाला.

तिने त्याचा टाय पाहिला. मग मला पाहिलं.

"यंदाच घातलं," मी म्हटलं. "ह्यांचा हट्ट." ही दुसरी थाप.

"बरं केलं," ती म्हणाली आणि नेहमीसारखी एक जुडी वर घातली. मला ती घ्यायची लाज वाटली, तरी घेतली.

वाटलं, सोमवारी ती मुलीचा दाखला मागायला येईल. आली नाही. मुलगी रोज वेळेवर माझ्या वर्गात. शेवटी माझ्याच्याने राहवेना. पुढे बाजारात भेटली तेव्हा विचारलं, "तिला काढलं का नाहीस?"

"आता मधीच कुठं काढायची? अन् तुमी हायेत की वर्गात."

त्या वर्षी मतदार याद्यांच्या कामावर मी निम्मे दिवस शाळेबाहेर होते. वर्ग तिची मुलगीच सांभाळायची, पट्टी घेऊन फळ्यापुढे उभी राहून. हे मी तिला सांगितलं नाही.