गाळलेलं वाक्य

“आधी हात धुवा, मग देवाचं नाव घ्या.”

सिस्टरांचं हे वाक्य आमच्या गावात शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. बाळंतिणीच्या सासूला, अंगात आलेल्या माणसाला, पूजा सांगायला बसलेल्या महाराजांना, सगळ्यांना त्या ते ऐकवायच्या. एकदा भंडाऱ्याहून त्यांचे पास्टर आले होते. शेजारच्या गावातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं तान्हं बाळ त्यांना दाखवायला आणलेलं. पास्टर मोटरसायकलवरून उतरले आणि थेट बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला निघाले. सिस्टर आडव्या आल्या. “पास्टर, मोरी तिकडे आहे.” पास्टर मुकाट्याने मोरीकडे गेले.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. मूळच्या भंडाऱ्याच्या, धर्माने ख्रिस्ती. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात त्या बदलून आल्या तेव्हा मी नवी सून होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर त्या भंडाऱ्याला जातील असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांनी तलावाच्या पाळीजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. “इथं अर्ध्या गावाची नाळ मी कापली आहे,” म्हणाल्या. “तिकडे मला कोण ओळखतं?”

तुम्ही खेड्यात राहिला असाल तर अशी एखादी नर्सबाई तुम्हीही पाहिली असेल. रस्त्याने चालताना तिची नजर माणसांच्या चेहऱ्यावर नसते, त्यांच्या नखांवर, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर, पोरांच्या पोटावर असते. मी अंगणवाडीत सेविका. माझ्या रजिस्टरमधलं वजन बघून त्या सांगायच्या, “हा आकडा तू घरी बसून लिहिलास.” आणि ते खरं असायचं.

नाताळात त्या अनारसे करायच्या. त्यांना ते कधीच जमले नाहीत. हातात घेतले की तुकडे. कोणी हसलं तर म्हणायच्या, “देवाला चालतात, तुम्हाला काय झालं?” माझी सासू सुरुवातीला त्यांच्या घरचं खात नसे. माझा मुलगा सिस्टरांच्या हातावर जन्मला, त्या वर्षी ताट दारात आलं तेव्हा सासूने स्वतः उचलून एक तुकडा तोंडात टाकला. “जिच्या हातावर नातू आला, तिच्या हातचं कसं नाही म्हनू?”

मी एकदा त्यांना विचारलं, “सिस्टर, तुम्ही आम्हाले कधी तुमच्या चर्चात चला म्हणत नाही. काहून?”

“ओढून आणलेलं माणूस माझ्या देवाला आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आमच्याकडे तरी सगळं बरं आहे का? सोयरीक जमवताना तिथंही आजोबाची जात विचारतात. मी भर सभेत उभी राहून विचारलं, प्रभूने जेवायला बसवताना कोणाची जात विचारली होती? तेव्हापासून कमिटीवाले माझ्याशी मोजून बोलतात.”

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला मेंदूत ताप चढला. सिस्टरांनीच ऑटो बोलावला, तिला मांडीवर घेतलं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं. तीन दिवस त्या माझ्याबरोबर बाकावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी मुलगी ओळख दाखवेनाशी झाली, तेव्हा मी त्यांचा हात धरला. “सिस्टर, तुमच्या देवाले सांगा न. माझ्यानं काही होऊन नाही राहिलं.”

“तुझ्या देवालाच सांग. तो काही परका नाही.”

मी ऐकलं नाही. हट्टच धरला, पायाला हात लावला. तेव्हा त्या पलंगाशी उभ्या राहिल्या, मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून हलक्या आवाजात प्रार्थना केली. मुलगी वाचली. मी रडत त्यांच्या गळ्यात पडले तर म्हणाल्या, “रडू नको, सलाईन वेळेवर लागलं.”

गावात आल्यावर मीच चार बायांना कौतुकाने सांगितलं, सिस्टरनं प्रार्थना केली न पोरगी उठून बसली. सांगताना मला केवढा आनंद झाला होता. त्या चार बायांनी आणखी चौघींना सांगितलं. त्याचं पुढे काय होईल, हे तेव्हा कोणाच्या मनात असणार?

पुढचं घडलं ते दोन वर्षांपूर्वी. अनुसया नावाची एक विधवा आमच्या गावात एकटी राहते. कानाने कमी ऐकते, आणि स्वतःशी पुटपुटायची तिला सवय. त्या पावसाळ्यात तिच्या शेजारच्या घरचे दोन बैल मेले, आणि पंधरा दिवसांत त्याच घरातला तरणा मुलगा तापाने गेला. कोणीतरी म्हणालं, अनुसयाने करणी केली. बस. चार माणसांनी तिला ओढत चौकात आणलं. “कबूल कर” म्हणत दात पाडायची भाषा सुरू झाली. त्या चौघांत माझे भासरे होते, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ.

सिस्टर छत्री घेऊन आल्या. कोणाला धक्का दिला नाही, ओरडल्या नाहीत. अनुसयाचा हात धरला आणि म्हणाल्या, “पोरगा मलेरियाने गेला. रक्ताचा रिपोर्ट मी स्वतः पाहिला. त्यात अनुसयेचं नाव नाही.” आणि तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी एसटीने ठाण्यात जाऊन त्यांनी तक्रार दिली. कायदाच आहे त्याचा. चौघांना ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं, समज दिली. त्यानंतर अनुसयाच्या वाटेला कोणी गेलं नाही. ती आपल्या घरी परतली.

पण तीन आठवड्यांनी दुसरा अर्ज गेला. सिस्टर बायांना नादी लावून धर्म बदलायला लावते. रोगी माणसाला आपल्या देवाची प्रार्थना करून बरं करते म्हणते. अनुसयाला त्याचसाठी घरात ठेवून घेतलं होतं. खाली सह्या. त्यांनीच नाळ कापलेल्या पोरांच्याही सह्या होत्या त्यात.

चौकशीला ठाण्यातून जमादार येणार होते. आदल्या संध्याकाळी भासरे आमच्या अंगणात आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “खोटं काहीच नको सांगू. पोरीसाठी प्रार्थना केली का नाही, तेवढं सांग. जे झालं तेच.” जाताना वळून म्हणाले, “अंगणवाडी पंचायतीच्या खोलीत भरते न? ध्यानात ठेव.” माझा नवरा तिथंच चारा कापत होता. त्याने मान वर केली नाही.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सिस्टरांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. सासू दाराशी, भासरे खिडकीशी. आधी सासूला विचारलं. ती म्हणाली, “वर्साले घरोघरी खायाले वाटते.” जमादारांनी ते लिहून घेतलं. मग मी.

“तुमच्या मुलीसाठी यांनी प्रार्थना केली होती?”

“हो.”

“यांच्या देवाची?”

“हो.”

“आणखी काही सांगायचं आहे?”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही. अंगणवाडीत एखादं पोर कवितेच्या ओळीवर अडलं की आपण त्याच्याकडे कसं बघतो, तसं. येईल आता, आठवेल. एकच वाक्य होतं. मीच म्हटलं होतं त्यांना, मीच पायाला हात लावला होता. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी सासूकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले. आणि सही केली.

सिस्टरांनी नजर काढून घेतली. आपल्या हातांकडे बघत बसल्या.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून अनुसया आत घुसली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळं कार्यालय घुमलं. “मी अजूनबी शनवारी मारुतीले तेल वायतो! इच्या घरी होतो तवाबी वायलो! वाती हेच वळून देत होती मले! लिव्हा!” लोक हसले. जमादारांनी कागद चाळले. “बाई, तुमचं नाव यादीत नाही.” तिचं काही लिहिलं नाही. जिच्या बोलण्याला किंमत होती ती गप्प बसली, आणि जिच्या बोलण्याला नव्हती ती ओरडत राहिली.

गुन्हा दाखल झाला नाही. पुराव्यात दम नव्हता. फक्त घरात प्रार्थनेला माणसं जमवणार नाही, असं लिहून मागितलं. सिस्टरांनी भंडाऱ्याला चर्चच्या कमिटीला फोन केला होता, कोणीतरी येऊन नुसतं शेजारी बसा म्हणून. चौकशीच्या दिवशी कोणी आलं नाही. दोन दिवसांनी कमिटीतले दोघे आले. “देऊन टाका लिहून, सिस्टर. आपल्याला या लोकांत राहायचं आहे.”

“मी राहतच होते,” सिस्टर म्हणाल्या.

लिहून त्यांनी दिलं नाही. महिन्याच्या आत घरमालकाने खोल्या खाली करायला सांगितल्या. ज्या दिवशी त्या गेल्या, त्या दिवशी मी अंगणवाडीचं दार आतून लावून बसले होते. बाहेर ऑटो सुरू झाल्याचा आवाज ऐकला. तो तिठ्यावर वळेपर्यंत ऐकला.

त्यांचा भाचा भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला आहे. त्याच्या क्वार्टरमध्ये त्या राहायला गेल्या. चार महिन्यांनी मी तिथं गेले. घरी काय सांगितलं ते आता आठवत नाही. सिस्टर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मला बघून उठल्या, चहा केला, मुलीची चौकशी केली. मी कप खाली ठेवला आणि सगळं बोलून टाकलं. त्या वाक्यासकट.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे मला कशाला सांगतेस? मला माहीत आहे. मी तिथंच होते.”

“माफ करा, सिस्टर.”

“केलं. मला करावंच लागतं. रोज सकाळी नव्याने करावं लागतं.” एक शेंग त्यांच्या बोटांत बराच वेळ तशीच राहिली. “त्या कमिटीवाल्यांचा राग लवकर गेला. त्यांची सवय होती मला. तुझा जात नाही, पोरी. मी प्रार्थना करते, तरी जात नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जिथं गाळलंस, तिथं जाऊन सांग.”

परतताना बसमध्ये मी ठरवलं, उद्याच सांगायचं. त्या उद्याला आणखी सात महिने लागले. कधी सासू आजारी, कधी मुलाची परीक्षा. कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपल्या पायांनी चालत येतात.

शेवटी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. विषय नळयोजनेचा चालला होता. मी म्हणाले, “मले एक सांगायचं आहे. माझ्या पोरीसाठी सिस्टरनं आपल्या मनानं प्रार्थना नव्हती केली. मी त्यांच्या पाया पडली होती. त्या नाही म्हणत होत्या. हे मी तवा सांगतलं नाही. मी भेली होती.” माझा आवाज इतका कापत होता की मागच्या माणसाने विचारलं, “काय म्हणते?” मला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा आवाज बरा निघाला.

भासरे उठून गेले. सासू पदर तोंडाला लावून बसली. ग्रामसेवकांनी पेनाला टोपण घातलं. “हा विषय आजच्या यादीत नाही.” आणि पुन्हा नळयोजना सुरू झाली. त्या दिवसापासून सासू माझ्या हातचं पाणी घेते, पण माझ्याशी बोलत नाही. नवरा एवढंच म्हणाला, “इतके दिवस थांबली होती, अजून थांबली असती.”

मी जवाहरनगरला फोन लावला. भाच्याने सिस्टरांकडे दिला. मी सांगितलं.

“सासूबाई होत्या?”

“होत्या.”

“आवाज कापला?”

“कापला.”

“चालतं.” मग, “धानाची रोवणी झाली का सगळ्यांची?”

“झाली.”

“बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचा राग गेला की नाही, ते मला कळलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

धान कापणीला आलं त्या दिवसांत सिस्टर गेल्या. मला ते गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं, चार दिवसांनी. उपकेंद्राच्या जुन्या कार्यक्रमातला त्यांचा फोटो, त्याभोवती फुलं, खाली ‘गावाची माउली हरपली’. टाकणारा त्या अर्जावर पहिली सही करणारा होता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. घरमालकाचे हात, सरपंचांचे हात. भासऱ्यांचेही होते. मी खाली खाली सरकवत गेले, रांग संपेना.

अनुसयाजवळ फोन नाही. मी तिच्या घरी गेले आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ती सूप घेऊन बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“मातीले आपल्या गावचं कोण गेलं होतं?”

“कोणीच नाही. कळलंच आता.”

तिने कडी लावली, चपला घातल्या. “चाल मंग.”

“कुठं?”

“भंडाऱ्याले. माती तर अजून तिथंच असन न.”

दुपारच्या एसटीने आम्ही गेलो. ख्रिस्ती लोकांचं कब्रस्तान विचारत विचारत पोचलो. रखवालदाराने बोट दाखवलं. अजून दगड बसवलेला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. तिथं काय करतात ते अनुसयाला माहीत नव्हतं. ती उंचवट्याशेजारी फतकल मारून बसली आणि बोटांनी ढेकळं फोडायला लागली. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकण्याआधी वाफ्यातली माती बाया कशी मऊ करतात, तशी. डोक्याकडून पायाकडे, सावकाश. मधे मधे काहीतरी पुटपुटत होती.

मी फाटकाशीच उभी राहिले. आत जायला मला कोणी अडवलं नव्हतं.