हिरीबाईच्या अंगणाचं कुंपण

हिरीबाईच्या वाट्याला जाऊ नये, हे रिठदजवळच्या त्या तांड्यात शेंबडं पोरगंही सांगेल. बाई पंचावन्नची, हाडकुळी, पण तोंडाआधी हात चालणारी. तरी तिचा दीर बाबूसिंग वाट्याला गेलाच. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय!

दिवाळीनंतर ऊसतोडीवरच तिचा नवरा उदयसिंग वारला. चैत्रात ती एकटी परतली, तर दोन घरांमधलं सागाच्या बल्ल्यांचं कुंपण गायब, आणि बाबूसिंगाची मोटरसायकल तीन हात आत, तिच्या अंगणात. तेवढं अंगण हीच तिची जमीन. वर्षातले सहा महिने घराला कुलूप असतं. कुंपण आज उभं राहिलं नाही, तर पुढच्या खेपेला तिथं दिराची भिंत असेल, हे तिनं ओळखलं.

"कुंपण कुठी गेलं रे?"

"होळीत गेलं, भाबी. पोट्ट्यायनं नेलं. होळीच्या लाकडासाठी कोणी भांडते काय?"

नाहीच भांडत कोणी. पोरं लाकडं पळवतात, जळलं ते होळीमायचं. हिरीबाईनं राग गिळला, बाभळीचे खुंट तोडून आणले आणि जुन्या रेषेवर रोवायला घेतले. दोन रोवले, तोच बाबूसिंगानं येऊन ते लाथेनं पाडले.

"इथं नाई. तीन हात मांगं घे."

हिरीबाईनं हातातली लोखंडी सब्बल त्याच्या नडगीवर हाणली. त्यानं तिचे केस धरून कपाळ ओट्याच्या दगडावर आपटलं. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तिनं त्याच्या मनगटाला दात लावले ते मांस तोंडात येईपर्यंत सोडले नाहीत. चार माणसांनी ओढून दोघांना वेगळं केलं.

तांड्याचा नायक रूपला आला. बाबूसिंगानं पुन्हा होळीचंच रडगाणं लावलं. म्हाताऱ्या रूपलानं त्याला मधेच तोडलं.

"अबे, उदयसिंगाले वरीस तरी झालं काय? वरीस सरेपर्यंत मयतीच्या घरचं लाकूड आपल्या होळीत कोण टाकते?"

खोटं बोलायच्या घाईत बाबूसिंग बहाद्दर सख्ख्या भावाचं मरणच विसरला होता!

हिरीबाई कुऱ्हाड घेऊन थेट त्याच्या मागच्या अंगणात, बकऱ्यांच्या नव्या गोठ्यात शिरली. आडव्या दांडीवर तीन घाव घातले तशी टिनं धाडकन खाली आली, बकऱ्या ओरडत पळाल्या. खालच्या बल्ल्या तिच्याच होत्या. उदयसिंगानं ठोकलेल्या खिळ्यांची भोकं तशीच होती. त्यांवर बोट ठेवून ती मोठ्यानं रडली. नवरा गेल्यावर एवढी रडली नव्हती.

रूपलानं तिथंच निकाल दिला. कुंपण आत्ता, जुन्याच रेषेवर उभं राहील. "तू बल्ली धर, बाबू. हिरी ठोकते."

फाटक्या भुवईवर फडकं बांधून, एका डोळ्यानं बघत, हिरीबाई घन घालत होती. दर घावाला बाबूसिंग डोळे मिटत होता. सात बल्ल्या नीट बसल्या. आठव्या बल्लीला घन त्याच्या उजव्या हातावर पडला. दोन बोटं चेचली. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. घन चुकला का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

"तुहा भाऊ मेला, हे आता इसरशील काय?" हिरीबाई म्हणाली.

तो नाही नाही म्हणत मान हलवत राहिला.

"मंग ऊठ. दुसऱ्या हातानं धर. एक बल्ली बाकी हाय."

त्यानं धरली.