हाकेला ओ न देणारे लोक

दादरच्या एका वाचनालयात रविवारी सकाळी काल्पनिक जग रचायला शिकवायचे. मी आणि माझा मित्र, दोघंही जायचो. लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलेलो आम्ही. शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, नुसते कान लांब केले, कातडी निळी केली की जमात होत नाही. ते लोक कशाला घाबरतात ते आधी ठरवा, रीतीभाती त्यातूनच येतात.

मला मित्राची आई आठवली. ती मालवणकडची. तिन्हीसांजेला कुणी नावाने हाक मारली तर लहानपणी आम्हाला लगेच ओ देऊ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूसच तीनदा हाक मारतो, म्हणायची. त्यावरून मी खाडीच्या दलदलीत, खाजणाकाठी राहणारे लोक रचले. दर भरतीला वस्तीकडे सरकणाऱ्या पाण्यातलं काहीतरी त्यांची नावं ऐकतं आणि ओळखीच्या आवाजात हाक मारतं. ओ दिली की माणूस गेला. म्हणून त्या लोकांनी नावंच टाकून दिली. मित्राला हे फार आवडलं. नावाऐवजी टाळ्यांनी बोलावण्याची त्यांची भाषा त्याची. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन काहीच न बोलण्याची रीतही त्याचीच.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याचे वडील गेले. खालून कुणीतरी हाक मारली, 'आलो' म्हणत ते निघाले आणि जिन्यात कोसळले. मांडवाची गडबड चालू होती. हाक कुणी मारली ते आम्ही बऱ्याच जणांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावरही मित्र वर्गाला आला नाही. दुःखात असेल, म्हणून मी विचारलं नाही. मग एकदा त्याची बायको जिन्यात भेटली. म्हणाली, हे घरात कुणाचं नाव घेऊ देत नाहीत. मुलीला टाळी वाजवून बोलावतात. आधी तिला गंमत वाटायची, आता बाबा घरी असले की ती तोंडच उघडत नाही.

"भाऊजी, हे तुमच्या गोष्टीतलं आहे ना?"

मी तसाच वर गेलो. भर दुपार होती, दार उघडं होतं. तो पाठमोरा बसला होता. मी नावाने हाक मारली, मग पुन्हा मारली. त्याची मान हलली नाही. त्याची आई आतून आली आणि हळूच म्हणाली, "हाक मारू नको रे. घामान भिजता तो." खरंच त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

मी समोर जाऊन बसलो. म्हटलं, अरे, ते सगळं मी रचलंय, तुझ्यासमोर रचलंय.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मग बाबांना कुणी बोलावलं ते सांग."



परळच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला न्यायला बरेच दिवस समजूत घालावी लागली. औषधं लागू पडली. आता तो कामावर जातो, हाकेला ओ देतो, जरा थांबून. मुलगी मात्र अजून दारातून टाळीच वाजवते. मी वर्ग सोडला, त्या लोकांविषयी पुन्हा एक ओळही लिहिली नाही.

परवा त्याच्याकडे चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता त्याने विचारलं, खाजणाचं पाणी वस्तीत कुठवर आलं? मी म्हटलं, ते लिहिणं मी कधीच सोडलं.

"तू सोडलंस म्हणून पाणी थांबतं का?" तो अगदी शांतपणे म्हणाला.

त्याची बायको कप न्यायला आली होती. तिने कप तसेच ठेवले, आणि एरवीसारखी तिथूनच सासूबाईंना हाक न मारता आत जाऊन त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.