पाठीवरचा पाच नंबर

वडिलांना मैदानावर बोलवायची कल्पना माझी नव्हती, आमच्या सरांची होती. सर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे आणि रविवारी सकाळी कांजूरमार्गच्या आम्हा पोरांना फुकट फुटबॉल शिकवायचे. तोंडाने फटकळ माणूस. तर झालं असं, की टीमने नव्या बॉलसाठी वर्गणी काढली आणि आमच्या गोलकीपरने ती सगळी मटक्यावर घालवली. पानाच्या टपरीवर चिठ्ठी मिळायची. शून्य ते नऊमधला एक आकडा लावायचा, लागला तर नऊपट. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे आणि अर्धी टीम लावत होती. सर भडकले, शिव्या घातल्या, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हणाले, "माझं ऐकत नाहीत ना, ठीक आहे. ज्याचे हात पोळलेत त्यालाच सांगू दे." आणि सरळ आमच्या खोलीवर आले.

आमच्या घराची मटक्याने वाट लागलीय, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, वॉचमन झाले, पण आकडा काही सुटला नाही. आईच्या बांगड्या गेल्या, नंतर तांब्याचा हंडा गेला. शेवटी त्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी मूर्तीसमोर नारळ ठेवून शपथ घेतली. त्याला चार महिने झाले होते. आई अजून मोकळी हसत नव्हती, पण संध्याकाळी सारखं दाराकडे बघणं तिने थांबवलं होतं.

बाबा सरांना म्हणाले, "माका काय बोलूक येता? मी काय पुढारी?" आईच म्हणाली, "जा हो. पोरांचं भलं होईल." माझी एकही मॅच बाबांनी कधी बघितली नव्हती. म्हटलं, या निमित्ताने मैदान तरी बघतील.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. पोरं गोलपोस्टपाशी मांडी घालून बसली. बाबांनी काहीच झाकलं नाही. "स्वप्नात साप दिसला तरी मी त्यातनं आकडा काढायचो," ते म्हणाले. "बसचा नंबर बघितला, लाव. भिंतीवरच्या पाली मोजल्या, लाव. सख्खा भाऊ गेला माझा. त्याच्या मयतावरून परत येताना त्याच्या वयाचा शेवटचा आकडा लावून आलो. आणि ह्याच्या बुटांसाठी आईने डब्यात साठवलेले पैसे, तेही लावले. म्हणून हा अजून कॅनव्हासच्या बुटांत खेळतोय." सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मला लाज वाटायला हवी होती, नाहीतर राग तरी यायला हवा होता. काहीच आलं नाही. मी बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बसलो.

"कोणाला काही विचारायचंय?" सर म्हणाले. गोलकीपरने हात वर केला.

"काका, तुमचा एवढा अभ्यास. मग आज काय येईल?"

पोरं फिदीफिदी हसली. सर त्याच्या अंगावर धावले. आणि बाबाही हसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. मी बॉल आणायला उठलो होतो. आमच्या जर्सी म्हणजे बनियनवर ऑइलपेंटने काढलेले नंबर. माझ्या पाठीकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "हा काय, पाठीवर घेऊन फिरतोय. पाच!" चेष्टा होती हो ती. सरसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खी टीम आमच्या दारात. पुढे गोलकीपर, हातात पेढ्यांचा पुडा, काखेत करकरीत नवा बॉल. "काका, पाच आला! ओपनलाच, पहिल्याच आकड्याला आला!" तो वाकून बाबांच्या पाया पडला. मागची पोरंही पडली. ज्यांनी जन्मात कधी चिठ्ठी घेतली नव्हती, त्यांनीही काल पहिल्यांदा लावला होता.

बाबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"सगळ्यांनी लावला?"

"सगळ्यांनी!"

"तू?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मी पण नाय," ते म्हणाले. मग पेढ्याकडे बघत म्हणाले, "मीच सांगितला, आणि मीच नाय लावला."

पोरं गेली. बाबांनी पेढा खिडकीत ठेवला आणि चपला घातल्या. "जरा येतो."

"चहा झालाय, पिऊन जा," आई म्हणाली.

"आलोच."

दारात मी उभा होतो. आडवं व्हायचं, हात धरायचा, ओरडायचं, काहीही करायचं. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला माझाच संताप येतो. तेव्हा मी नुसतं सरकून वाट दिली. आईने त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवली.

सरांनी त्यानंतर पोरांसमोर बोलायला कुणालाच बोलावलं नाही. बॉल चांगला निघाला, पूर्ण सीझन टिकला. पुढच्या रविवारी बाबा मैदानावर आले, कुणी न बोलावता. मग दर रविवारी यायला लागले. गोलच्या मागे कारखान्याच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. एकदा मी अगदी गोललाइनवरून बॉल बाहेर काढला, पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. मी वळून बाबांकडे बघितलं. त्यांचं लक्ष बॉलकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. धावणाऱ्या पोरांच्या पाठीवरचे नंबर ते एकेक करून बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

घरी आलो की आई विचारायची, "बाबा आले होते ना तुझी मॅच बघायला?"

मी हो म्हणायचो.