बर्नरकाका आणि आमची फर्नेस

बर्नरकाकांना जेवायला बोलावलं की ते आधी बेसमेंटमध्ये जात. काकू श्रीखंडाचा डबा घेऊन अजून दारातच असत आणि खालून आवाज येई, "अगं, हा फिल्टर आहे की गोधडी?" अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत बहुतेक मराठी घरांच्या फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीची, प्रकृती त्यांना तोंडपाठ होती. त्या घरांतल्या माणसांची नावं मात्र ते बिनदिक्कत चुकवत.

रिटायर झाल्यावर लोक क्रूझला जातात, गीता वाचतात. काकांनी आमच्यावर उपकार करायचं ठरवलं. केमिकल कंपनीत इंजिनिअर म्हणून त्यांचं कोण किती ऐकत असे, देव जाणे. ती सगळी कसर आमच्या बेसमेंटमध्ये भरून निघत होती. "टेक्निशियन बोलावणं म्हणजे शरणागती," असं ते म्हणत. त्यांनी खोललेली फर्नेस पुन्हा चालायची, हे खरं. मागे एखाददुसरा स्क्रू उरायचा, हेही खरं. "कंपनीनेच जास्तीचा दिला असणार," असं म्हणून ते तो खिशात टाकत.

फोनवर नुसतं 'फर्नेस बंद पडली' म्हणून भागत नसे. "बंद म्हणजे? पेटतच नाही, की पेटून विझते? डॉक्टरला 'बरं नाही' एवढंच सांगतेस का?"

एका जानेवारीत आमची फर्नेस पेटून विझायला लागली. नवरा कामासाठी फ्रीमाँटला गेला होता आणि तिथल्या उन्हाचे फोटो मोठ्या प्रेमाने पाठवत होता. सासूबाई नुकत्याच नागपूरहून आलेल्या. दोन स्वेटर, वर शाल, आणि 'हीच का तुमची अमेरिका' असा चेहरा. मी काकांना फोन केला. भर बर्फात ते टूलबॉक्स घेऊन हजर.

सासूबाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "यांना येतं का हे खरंच?"

"ताई, नागपुरात कूलरवाल्याला असं विचारता का?"

"विचारते तर! म्हणून तर कूलर चालतो."

काकांनी ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी बारीक सळई काढून घासली, परत बसवली. फर्नेस पेटली. छान निळी ज्योत. "बघ," म्हणून ते विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. तेवढ्यात पंखा सुरू झाला आणि ज्योत हेलकावे खात पिवळी पडली. पाठोपाठ वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला.

"बॅटरी संपली असेल," मी म्हणाले.

काकांनी टोमणा मारला नाही. तेव्हाच मी घाबरले. त्यांनी फर्नेसचं बटण बंद केलं आणि ओरडले, "बाहेर! दोघी बाहेर! काही घेऊ नका!" सासूबाई चपला शोधू लागल्या, तर त्यांनी स्वतःचा कोट त्यांच्या अंगावर टाकला आणि हाताला धरून मोज्यांवरच ड्राइव्हवेवर आणलं. मग कुडकुडत नाइन-वन-वनला फोन केला.

फायर ब्रिगेडची माणसं आली, आत जाऊन मोजून आली. फर्नेसच्या आतल्या लोखंडी पेटीला तडा गेला होता. जळलेला गॅस घरभर पसरत होता. "रात्री झोपेत असता तर…" त्यांच्यातला एक म्हणाला.

आता तासाभराचं प्रवचन होणार म्हणून मी तयारीत होते. काका गाडीत बसले होते.

"टेक्निशियनला बोलाव," ते म्हणाले. "हे माझ्या हातचं नाही."

त्यानंतर काका सुधारले, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी ते डोक्यातून काढावं. बेसमेंटच्या वाऱ्या चालूच राहिल्या. फक्त बारसं असो, वास्तुशांत असो, ते आहेरात अलार्म द्यायला लागले. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला विषारी वायूचा अलार्म मिळाला, वर गुलाबी रिबन बांधून. इतकी रोमँटिक भेट मला नवऱ्यानेही कधी दिलेली नाही.

गेल्या वर्षी गुडघे थकले म्हणून काका-काकू मुलीकडे मॉरिसव्हिलला राहायला गेले. निघायच्या सकाळी मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. सासूबाईंनी नागपूरहून बजावून ठेवलं होतं, की ते गाडीत बसायच्या आत मला व्हिडिओ कॉल लाव. लावला. आता जुगलबंदी रंगणार म्हणून मी फोन मुद्दाम जवळ धरला. सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "भाऊ, जेवून निघालात ना?"

ज्या माणसाने आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं नव्हतं, तो म्हणाला, "हो, ताई."